उलट्या नकाशाचा सूड

४ मार्च
ठरलं. मंत्रीसाहेबांचा सूड घ्यायचा. संरक्षण खात्यात टायपिस्ट आहे म्हणून काय झालं? रंगाऱ्यांनी भिंतीवरचा नकाशा उलटा टांगलाय, हे मी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, बेटा, तू चहाचं बघ. मग त्याच नकाशावर बोट ठेवून टीव्हीवर म्हणाले, नदीपलीकडची शत्रूची टेकडी आपण जिंकली! टेकडी आपलीच, नकाशा उलटा म्हणून पलीकडे दिसली. जवानही आपलेच, तिथे नेहमीच असतात. आता शेजारी देशाने रणगाडे आणलेत आणि साहेब म्हणतात, चूक टायपिस्ट मुलीची. माझी बदली तळघरात, स्टेशनरीत.

६ मार्च
माझा मावसभाऊ, दादा, फिल्म काढतो. म्हणजे काढणार आहे. दादा म्हणाला, तू लिही, असा पिक्चर काढू की साहेब माफी मागेल आणि रणगाडे परत जातील. पहिला सीन लिहिला: साहेबांचा विग पंख्यात. खूप हसले. एकटीच.

९ मार्च
विग काढला. केस खरे आहेत त्यांचे. खोटं लिहू नये, हे आईने मुळाक्षरांच्या आधी शिकवलंय. सूड कसा, स्वच्छ हवा.

१५ मार्च, दुपारी
आई म्हणाली, त्यांच्या बायकोला काय वाटेल गं? बायकोचाही एक सीन लिहिला होता, तो गेला. नकाशावरची उलटी अक्षरं म्हणजे शत्रूची लिपी, असं साहेबांना मनापासून वाटलं होतं. ते ‘मनापासून’ दिसायला हवं. खिडकीशी उभे राहून देशाची काळजी करतात, असा सीन घातला. दादा म्हणाला, सूड घेतेयस की त्यांना प्रमोशन देतेयस? त्याला बारकावे कळत नाहीत.

२ एप्रिल
दादा ओरडला, अगं, पण लोकांनी हसायचं कुणाला? मग पिक्चरमधल्या टायपिस्टला धू धू धुतली. तिच्या बाबतीत कुणाला विचारायला नको. धडपडते, फायली पाडते, दाराला धक्का लागला तर दारालाच सॉरी म्हणते. बाकी साहेबांची आता खैर नाही.

२० मे, सकाळी
आज पिक्चरचा पहिला शो. साहेबांना पास मीच पाठवले. मधली सीट, पळायला वाट नको. भर थिएटरात नाक कापणार! मी एकदम शांत. जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे.

२१ मे
काल खिडकीच्या सीनला साहेब रडले. टायपिस्टला सगळे हसले, साहेब सगळ्यांत मोठ्याने. दादाला मिठी मारून म्हणाले, आमची बाजू इतक्या प्रामाणिकपणे कुणी मांडलीच नव्हती हो! आणि ती मुलगी, अगदी आमच्याकडचीच!
आज टीव्हीवर म्हणाले, माफी कसली? पिक्चर बघा, चूक कुणाची ते कळेल. रणगाडे पुढे सरकलेत.
मला तळघरातून वर बोलावलं. मोठा नकाशा आलाय, युद्धाचा. टांगायचाय. साहेब म्हणाले, या वेळी नीट हं, बेटा.
सॉरी म्हटलं. बाहेर पडताना दार लागलं खांद्याला. त्यालाही म्हटलं.