मोटारीची मागची सीट

खालापूर, मंगळवार, मार्गशीर्ष, सन १९४६

आजही सीटचं ठरलं नाही. सुमनला पनवेलच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर मागच्या सीटवर झोपवूनच न्यावं लागेल, आणि तिथली स्प्रिंग कातडं फाडून वर आली आहे. परवा गोधड्या घालून निघालो, तरी गावाच्या वेशीपाशीच ती कळवळली. मोटार परत फिरवली.

शिळफाट्यावर मोटारीच्या गाद्या भरणारी दोन दुकानं. पहिला म्हणाला, "उद्या घेऊन जा, मालक." त्यानंच गावातल्या वकिलांच्या मोटारीत काथ्याऐवजी गवत भरलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांची स्प्रिंग पुन्हा वर. दुसरे कासीमभाई, काम चोख. पण ते म्हणाले, "काथ्या मिळत नाय. पुनवेपर्यंत थांबावं लागंल. खोटं कशाला सांगू?"

विश्वास ठेवावा असा हाच माणूस. पण पौर्णिमेपर्यंत? ती स्प्रिंग डोळ्यांपुढून जात नाही.

घरी येऊन सुमनला दोन्ही सांगितलं. वाटलं, तीच ठरवील. भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "अहो, कासीमभाईंकडेच द्या. माझ्यामागं तुम्हांला मोटार वापरायचीय ना."

मला रागवायला हवं होतं. नुसता तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बसलो.

उद्या पहिल्याच दुकानात मोटार नेतो. गवत तर गवत. पनवेलपर्यंत टिकलं तरी पुरे.

हे लिहिलं आणि लक्षात आलं, परतीच्या वाटेचा विचार मीही केलेला नाही.