एकच टेस्ट, चार ठेकेदार

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. कारण मोठ्या गोष्टी घडणार आहेत आणि त्या मी घडवणार आहे.

खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला टाक्या आणि पाइपलाइनचं काम निघालंय. ठेकेदार चार. चौघांची वेल्डर टेस्ट वेगवेगळी. पाइप तोच, तिरका बांधायचा तसाच, जोडाचा एक्सरेही तोच. ठेकेदार बदलला की पुन्हा बसा परीक्षेला. बावीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला ही वागणूक. तीन टेस्ट दिल्या. दोन पास. तिसऱ्या ठिकाणी मशीनच भंगार होतं, ती मी धरत नाही. पुढच्या ठेकेदाराला सांगितलीही नाही.

ठरलं. चौघांची मिळून एकच टेस्ट. अर्ज मी देणार.

सहा वर्षं गुजरातला साइटवर काढली. आता आगरदांड्याहून सकाळच्या बोटीने जायचं, संध्याकाळी घरी जेवायचं. बायकोला, सुचिताला, सांगून टाकलं, यापुढे घर सोडून कुठे जात नाही. ती म्हणाली, बघू.

५ नोव्हेंबर.
अर्ज तयार. क्वालिटी ऑफिसातल्या प्राप्तीने टाइप केला, मी सांगत गेलो. एकदा पास तर चौघांकडे पास. शेवटी एक कलम मी डोक्याने घातलं : एकदा नापास, तर चौघांकडे तीन महिने बंद. नाहीतर आमच्यातल्या धर्मा वेल्डरसारखे लोक आज इथे नापास होतात, उद्या तिथे हजर. (माझं वेगळं. मशीन.)

प्राप्ती म्हणाली, काका, हे एवढं नका घालू. वाचून तरी बघा. कागद हात लांब करून बघितला. अक्षर फारच बारीक काढतात हल्ली. सही ठोकली.

९ नोव्हेंबर, रविवार.
सुचिताची भुणभुण. चष्मा करा. काल जेवताना माशाचा काटा दिसला नाही आणि घशात अडकला, तेवढ्यावरून. दोष बल्बचा आहे. चष्मा म्हाताऱ्यांना. मी अठ्ठेचाळीसचा.

१२ नोव्हेंबर.
मंजूर! कलमासकट! टेस्टला चारही कंपन्यांचे साहेब जातीने हजर राहणार, तसा नियमच आहे. एका वेल्डरसाठी चार साहेब. कॅन्टीनमध्ये बातमी सांगितली तर सगळे कलमावरच घसरले. शेजारी बसणाऱ्या काळूरामने चहा फक्त स्वतःपुरता घेतला. जळतात.

संकल्प : टेस्टपर्यंत रोज दोन तास सराव.

१३ नोव्हेंबर.
वारा होता.

१४ नोव्हेंबर.
वारा नव्हता, पण मूड गेला. धर्मा शहाणपण शिकवायला आला. म्हणे, "दादा, मी हेल्मेटच्या आत जवळच्या नंबराची काच बसवलीय. तू पन बसव. लाज कसली त्यात?" स्वतःला दिसत नाही म्हणून जगाला आंधळं समजतो. फार हसलो. तो नाही हसला.

१७ नोव्हेंबर.
उद्या टेस्ट. सराव राहिला. पण सराव नवख्यांना. आपलं सगळं हातात आहे.

१८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
झाली. चौदा वेल्डर, एक मशीन, चार साहेब. पाइपच्या दोन टोकांमधली फट जरा धूसर दिसत होती. काच धुरकट असणार. अंदाजाने पहिला थर टाकला. त्यात एक साहेब सारखा खोकत होता, त्याने हात हलतो. वरून वेल्ड झकास दिसला. येताना जेट्टीवर मोठी सुरमई घेतली. सुचिताने विचारलं, निकाल लागला? म्हटलं, लागल्यातच जमा आहे.

२१ नोव्हेंबर.
एक्सरे आला. आतून दोन इंच जोड लागलेलाच नाही. नापास.

मशीनचा विषय काढला. साहेब म्हणाले, त्याच मशीनवर तेरा जण पास झाले. धर्मासुद्धा.

मग एका साहेबाला बाजूला घेतलं. म्हटलं, तुमची टेस्ट तुम्ही वेगळी घ्या, कुणाला कळणार आहे. त्याने कागद पुढे केला. मी म्हटलं, उजेड कमी आहे, वाचता येत नाही. मग त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "एकदा नापास, तर चौघांकडे तीन महिने बंद. काका, हे तुमचंच ना?"

बारीक अक्षरात त्यांनी माझं नावही छापलंय, तेही त्यानेच वाचलं. सूचक : गणराज मढवी.

तीन महिन्यांत पाइपचं काम आटपेल. फालतू पद्धत आहे ही. पूर्वीची बरी होती.

२३ नोव्हेंबर, रविवार.
गुजरातच्या जुन्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, लगेच निघा, टेस्ट इथे आल्यावर. सुचिता माळ्यावरची बॅग काढून पुसत बसली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दुपारी धर्मा येऊन त्याचा जादा चष्मा ठेवून गेला. म्हणाला, "तिकडं तरी लाव रं दादा." तो गेल्यावर दार बंद करून चष्मा लावला. नुसता बघायला.

सुचिता बॅगेची चेन ओढत होती. तिच्या डोळ्यांखाली इतकं काळं झालंय. कधी झालं, विचारायचं धाडस झालं नाही. तिनेच विचारलं, "दिसतं का?"

म्हटलं, दिसतं.

मग ही वही काढून पहिल्या पानापासून वाचली. वही रेघांची आहे. एकही ओळ रेघेवर नाही.