रिपोर्ट परवा

बुधवार, ४ जून. वॉटर्लू

बॅग भरून झाली. म्हणजे माझी. चारूची बॅग म्हणजे चार टी-शर्ट, औषधांचा डबा आणि जगात कुठेही गेलो तरी बरोबर लागणारा तो एक्स्टेन्शन बोर्ड!

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ग्रीसला, क्रीट बेटावर चाललोय. तिकिटं जानेवारीत काढली आणि फेब्रुवारीत पुष्करचं कळलं. चारूचा धाकटा भाऊ. इथेच कॅनडात, रेजिनाला असतो, अठ्ठेचाळीस वर्षांचा. दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस, चार-चार तास. चारूने त्याच आठवड्यात डोनर म्हणून अप्लाय केलं. मला विचारलं, पण फॉर्म भरून झाल्यावर. मी म्हटलं, 'तुझा भाऊ, तुझा निर्णय.' अगदी शहाण्यासारखं वाक्य! मनात काही वेगळंच होतं.

ते इथे लिहिते, कारण इथे कोणी वाचत नाही. रिपोर्ट 'नाही' यावा असं मला वाटतं. चारूला घेऊ नये त्यांनी. माझे बाबा साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला काखेत पेपर मारून चालत गेले होते. पेपर घरी परत आला, बाबा आले नाहीत. मला लोकांनी 'रुटीन सर्जरी' वगैरे सांगू नये.

दोघं भाऊ ओ पॉझिटिव्ह. मीही ओच. पण मला कोणी विचारलेलं नाही आणि मीही कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चारूचा फोन चार्जिंगला लावताना मेसेज दिसला. मुद्दाम नाही बघितला. — बघितला. पुष्करने विचारलं होतं, 'दादा, रिपोर्ट?' चारूचं उत्तर: 'परवा. आल्यावर बोलू.' हा माणूस मेसेज लिहितो की तार करतो! क्रियापद वापरलं तर झिजेल अशी भीती वाटते त्याला.

म्हणजे शुक्रवारी येणार. आम्ही तिथे उतरू त्याच दिवशी. छान! मला यातलं काही बोललेला नाही. मीही विचारणार नाही.

शुक्रवार, ६ जून. हनिया

पोचलो. टोरंटो, अथेन्स, मग एक चिमुकलं विमान. पाटीवर च, तोंडात ह — गावाचं नाव हनिया. पाय सुजलेत. खोलीच्या बाल्कनीतून समुद्राची एक चीर दिसते, दोन घरांच्या मधून.

इथले रात्रीचे आठ म्हणजे वॉटर्लूला दुपारचा एक. त्यांची ऑफिसं अजून उघडी आहेत. चारूने फोन बघितला, ठेवला, मग अंघोळीला गेला. चेहऱ्यावर काही नाही. आलं असेल का?

शनिवार, ७ जून

जुनं बंदर फिरलो. धक्क्यावरून चालत थेट दीपस्तंभापर्यंत गेलो आणि परत आलो. चारूने वाटेत तीनदा बसून घेतलं — 'व्ह्यू छान आहे.' प्रत्येक वेळी तोच व्ह्यू!

जेवायला पालेभाजी मागवली तर नुसती उकडून, वर तेल आणि लिंबू. फोडणी नाही, मीठ नाही. आणि तरी संपवली. नंतर राकी नावाची कडक दारू फुकट देतात. चारू नको म्हणाला, औषधं चालू आहेत म्हणून. मी त्याचीही घेतली.

परतताना गल्लीत एक छोटं चर्च दिसलं. दारात वाळूचं तबक, त्यात बारीक मेणबत्त्या खोचलेल्या. चारू बाहेर फोटो काढत होता. मी आत गेले, एक लावली, आणि मागितलं — रिपोर्ट 'नाही' येऊ दे. देव कोणता होता ते माहीत नाही, पण बाईचं मागणं कळलं असेल त्याला. बाहेर आले तर चारू म्हणाला, 'काय मागितलंस?' म्हटलं, 'ऊन कमी होऊ दे.'

रविवार, ८ जून

बोटीने बालोसला. आधी एका बेटावर उतरवतात, वर किल्ला. मी पुढे, चारू बराच मागे. वरून खाली बघितलं आणि बोलायचंच विसरले. हिरवा, मग फिका हिरवा, मग निळा — साड्यांच्या दुकानात शेड दाखवतात तसं पाणी!

अनुयाला फोटो पाठवले. ती सस्काटूनहून: 'ओएमजी आई! सनस्क्रीन लावा बोथ ऑफ यू!' चार वाक्यं मराठीत लिहिली की एवढं उत्तर. आणि मी दर रविवारी इतरांच्या मुलांना मराठी शिकवते.

सोमवार, ९ जून

वीकेंड होता म्हणून अडकला असेल. आज तरी यायला हवा. आला नाही. किंवा आलाय आणि सांगत नाही.

मंगळवार, १० जून

एलाफोनिसी. वाळू गुलाबी आहे म्हणतात. जरा वाकून, चष्मा काढून, मनात आणलं तर गुलाबी आहे. पाणी मात्र गुडघाभर, कोमट, लांबच लांब. चारू पोहायला गेला. मी टॉवेलवर पालथी पडून त्याची पाठ बघत होते. कुठून कापतील? डावीकडून घेतात म्हणे. डावीकडे त्याला एक तीळ आहे, बरगडीच्या खाली. पंचवीस वर्षं माझ्या माहितीचा तीळ.

मग पुष्कर आठवला. त्याला दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी मोजायची. लग्नात आमच्या मागे मागे करणारा, माझ्या हातचं पिठलं भांडं खरवडून खाणारा पुष्कर. त्याचं काय व्हायचं ते होवो, माझ्या नवऱ्याला हात लावू नका — असंच म्हणतेय ना मी? दुसरा काही अर्थ निघत नाही याचा. लाज वाटली. तरी मागणं बदललं नाही.

गुरुवार, १२ जून

सामारिया! सोळा किलोमीटरची घळ. डोंगरावरून उतरायला लागायचं ते थेट समुद्रापर्यंत. पहाटेची बस. पहिला तास नुसती उतरण, दगडी पायऱ्या आणि लाकडी कठडे. मग नदीचे गोटे. एका ओसाड गावात रानबकऱ्या येऊन पिशवीत तोंड घालतात.

चारूची दमछाक झाली. चौथ्या किलोमीटरलाच, 'तू हो पुढे.' मी कशी पुढे होणार! बसले त्याच्याशेजारी. त्याचा श्वास ऐकत. हा माणूस किडनी देणार? याला आधी जिना चढता यायला हवा.

माझ्या गुडघ्यांनी मात्र चकार शब्द काढला नाही. पार्कचा एक म्हातारा रखवालदार होता, त्याने चारूला विचारलं खेचर हवं का, आणि मला म्हणाला, 'यू, गुड. लाइक गोट.' बावन्नाव्या वर्षी मिळालेलं सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट!

शेवटी घळ इतकी अरुंद होते की दोन्ही कड्यांना हात लागतील की काय वाटतं. तिथे चारू मान वर करून उभा राहिला. म्हणाला, 'पुष्करला आणायला हवं होतं.' दोघं भाऊ कॉलेजात असताना तोरण्याला जायचे, पुष्कर नेहमी आधी वर पोचायचा. पुढे समुद्र लागला तेव्हा बुटांसकट पाण्यात गेलो.

शुक्रवार, १३ जून

आज सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे.

दुपारी चारला बीचवर होतो. चारू कयाक भाड्याने घ्यायला गेला आणि मला पद्मजाचा फोन आला. पुष्करची बायको. तिकडे सकाळचे सात, त्याला डायलिसिसला न्यायच्या आधी. कारमध्ये बसून बोलत होती, हळू आवाजात.

'वहिनी, सॉरी हं, व्हेकेशनवर डिस्टर्ब करतेय. दादांचा रिपोर्ट आला का हो? परवा म्हणाले होते, त्याला आता वीक होऊन गेला. हा मला विचारू देत नाही, दादाला प्रेशर नको म्हणतो. पण फोन हातातून खाली ठेवत नाहीये हो. मशीनवर असतानासुद्धा.'

म्हटलं, विचारून सांगते.

कयाक दोघांची. पुढे मी, मागे तो. भाड्याने देणारा पोरगेला माणूस हसून म्हणाला, 'डिव्होर्स बोट!' सगळ्यांना म्हणत असणार. किनारा जरा मागे पडल्यावर मी समोर बघतच विचारलं, 'तुझा रिपोर्ट आला का? परवा येणार होता तो.'

मागचं वल्हं थांबलं.

'तुला काय माहीत?'

'मेसेज वाचला तुझा. निघायच्या आदल्या दिवशी.'

'येणार नव्हता. आला होता. त्या सोमवारी. परवा म्हणजे — परवा!'

मराठी शाळेतल्या आरवने मला हेच विचारलं होतं, डोकं धरून. 'येस्टरडेच्या आधीचा पण परवा आणि टुमॉरोच्या नंतरचा पण परवा? बट हाऊ डू यू नो विच वन?' मी ऐटीत सांगितलं होतं, 'क्रियापद बघायचं.' आणि चारूच्या मेसेजात क्रियापद नव्हतं तर माझ्या सोयीचं मीच लावून घेतलं. पुष्करने त्याच्या सोयीचं लावलं.

'आणि आल्यावर बोलू?'

'मी आल्यावर. रेजिनाला जाऊन, समोर बसून सांगणार होतो. फोनवर काय सांगायचं असलं!' मग, 'माधवी — तो वाट बघतोय?'

'पद्मजाचा आत्ताच फोन होता. मशीनवरसुद्धा फोन हातात धरून बसतो म्हणाली.'

बोट आपली आपण वळत होती. मग त्याने एका दमात सांगितलं. नॉट सुटेबल. प्रेशर आहेच, शुगर बॉर्डरलाइन, युरिनमध्ये प्रोटीन. डोनर म्हणून घेणार नाहीत. आता नाही आणि नंतरही नाही.

मी विचारलं, 'मला का नाही सांगितलंस? अकरा दिवस!'

'तुझा चेहरा बघायचा नव्हता मला.'

'म्हणजे?'

'तुला आनंद झाला असता.'

मी पुढे बसले होते. त्याला माझी फक्त पाठ दिसत होती. बरं झालं. कारण तो म्हणत होता तोच आनंद त्या क्षणी माझ्या तोंडभर पसरला होता. नॉट सुटेबल ऐकल्याबरोबर! 'काहीतरीच काय' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शनिवारी मेणबत्ती लावून जे मागितलं ते त्याआधीच्या सोमवारीच मला मिळालेलं होतं. आणि ज्याच्यासाठी मागितलं तो अकरा दिवस ते एकट्याने पोटात घेऊन माझ्याबरोबर बोटीत बसत होता, किल्ले चढत होता, व्ह्यू छान आहे म्हणत होता. माझ्यापासून लपवून. भावाचं वाईट झालं म्हणून बायको खूश होईल, ते बघवणार नाही म्हणून.

तोंडभरचा आनंद गेला. रडले. पाठ हलली असणार, त्याला कळलं असेल. तो एवढंच म्हणाला, 'डावीकडे मार. खडक आहे.'

किनाऱ्यावर येऊन ओल्या हातांनी त्याने पुष्करला फोन लावला. स्पीकरवर. चारूने यावेळी पूर्ण वाक्यं वापरली. मागे मशीनची टुकटुक. पुष्कर म्हणाला, 'अरे दादा, हात्तिच्या! मला वाटलं अजून यायचाय. असू दे रे. लिस्टवर आहे मी, येईल नंबर.' मग, 'पाणी कसंय तिथलं?'

'खारट.'

'मग राहू दे. माझ्या वाटणीचं पिऊ नकोस.'

दोघं हसले. मी टॉवेल घडी करत होते, तोच तोच पुन्हा पुन्हा.

शनिवार, १४ जून

कुठेही गेलो नाही. तो झोपला. मी बाल्कनीतल्या समुद्राच्या चिरेकडे बघत बसले. त्या चर्चकडे पुन्हा जावंसं वाटलं, पण मागितलेलं परत कसं करतात ते माहीत नाही.

सोमवार, १६ जून. वॉटर्लू

लॉन गुडघाभर वाढलंय. चारू वीकेंडला रेजिनाला जाणार. लॉन मी मोव करते म्हटलं. लाइक गोट!

मंगळवार, २६ ऑगस्ट

रक्त झालं. स्कॅन झाला. सायकॉलॉजिस्ट झाली. ती म्हणाली, कोणाचा दबाव आहे का? म्हटलं, नाही. भीती आहे? म्हटलं, खूप. बाबांचं सांगितलं, पेपरचंही.

चारूला काल सांगितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मी बघू दिलं.

आज पुष्करला मेसेज: 'पुष्कर, डोनरच्या टेस्ट्स मी दिल्या आहेत. माझा रिपोर्ट परवा येईल. तो "हो" यावा असं मला वाटतं.'

चारही क्रियापदं तपासली. पाठवला.