पाठीला डोळे

३ मार्च, मंगळवार

खार आज पुन्हा मागून लुटली गेली! चेंडू पायाशी घेते तो इतका अलगद, की बघत राहावं. आणि मग वळते ती थेट कुणाच्या तरी अंगावर. चेंडू गेला.

(खार हे नाव संघातल्या मुलींनी ठेवलंय. सतत काहीतरी कुरतडत असते.)

क्लबच्या सचिवांनी आज थांबवून सांगितलं – शनिवारचा, चौदा तारखेचा सामना समिती बघणार आणि पुढच्या हंगामाला कुणाला ठेवायचं ते ठरवणार. खारीबद्दल त्यांचं मत मला ठाऊक आहे. हट्ट धरून मी आणली तिला. ठेवली नाही तर ती परत मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे मोजायला.

सकाळभर 'मान वळव, मान वळव' ओरडून घसा बसला. ती वळवते, पण फार उशिरा. मी ऐन मध्यात खेळायचे, चहूकडून माणसं, तरी माझा चेंडू असा कधी गेला नाही. पेपरवाले लिहायचे, हिला पाठीला डोळे आहेत. असतील बाई! मग हिला ते कसे लावायचे, हे मला का सांगता येत नाही?

५ मार्च, गुरुवार

जेवताना माझ्या सामन्यांच्या जुन्या टेप लावल्या. म्हटलं, मी काय करायचे ते बघून तरी शिकवावं. टेपांचा आवाज केव्हाच गेलाय, नुसतं चित्र. सासूबाई म्हणाल्या, तेव्हा किती बारीक होतीस गं. झालं समाधान.

नवरा मात्र घास हातात धरून बघत बसला. पुन्हा मागे नेली टेप, पुन्हा लावली. मग म्हणाला, "अगं, तू मान वळवतच नाहीस."

त्याचा धंदा गाडी शिकवायचा. माणूस आरशात बघतो की नाही, हे त्याला झोपेतही कळतं. म्हणाला, माझ्याकडे शिकायला आली असतीस तर पहिल्याच चौकात नापास केली असती.

६ मार्च, शुक्रवार

परत बघितल्या. खरंच नाही वळवत! आणि तरी चुकत नाही. हा काय प्रकार आहे?

७ मार्च, शनिवार

टेपवर प्रत्येक वेळी माझ्या मागे एकच जण दिसते – कुलूप. आमच्या बचावफळीतली. तिच्या बाजूने कुणी आत शिरायचं नाही म्हणून कुलूप. आता लाँड्री चालवते. सराव आटोपून तिच्याकडे गेले.

तिनं इस्त्री खाली ठेवली नाही. मी विचारलं, मला मागचं कसं कळायचं गं? ती माझ्याकडे बघतच राहिली, थट्टा करतेय का म्हणून. मग म्हणाली, "मी सांगायचे ना."

कुणी धावून आलं की 'अंगावर!' मोकळी असले की 'वेळ आहे!' इतकी वर्षं, प्रत्येक सामन्यात. तिचा घसा कायमचा घोगरा झालाय तो त्यानेच, म्हणते.

मला एक हाक आठवत नाही! एकसुद्धा नाही. तसं सांगितलं तिला.

"तुला कसं आठवेल? तुझे फोटो छापून यायचे." रागाने नाही म्हणाली. हसत म्हणाली आणि शर्टाची कॉलर दाबली. चहा पाजला. पिशवीतले माझे दोन कुडते इस्त्रीला ठेवून घेतले, म्हणे काय अवतार केलायस.

घरी येईपर्यंत एकच विचार. मग मी नेमकं काय करत होते?

९ मार्च, सोमवार

आज सराव बघितलाच नाही. गोलमागे उभी राहिले, डोळे मिटून, नुसती ऐकत. मुलींना वाटलं डोकं दुखतंय. एकीनं गोळी आणून दिली.

आमची कप्तान खारीच्या मागेच खेळते. आवाज खणखणीत. उजवीकडच्या मुलीला सांगते, डावीकडच्या मुलीला सांगते. गोलरक्षकाशी तर भांडतेच. आणि चेंडू खारीकडे गेला की शांत. पुन्हा ऐकलं. पुन्हा शांत.

खार आंधळी नाही. तिला कुणी सांगत नाहीये.

११ मार्च, बुधवार

सामानाच्या खोलीत कप्तान चेंडूंत हवा भरत होती. गेले, दुसरा पंप घेतला. विचारलं सरळ. तिनं नाकारलं नाही. खार आली म्हणून जिची जागा गेली, ती तिची जिवाभावाची मैत्रीण. पास देते मी तिला, म्हणाली, तेवढं पुरे.

हुकूम सोडता आला असता. पण हुकमाचा आवाज वेळेवर येत नाही. कुलपाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं. पंप थांबला.

"तुमच्या मागे कोण खेळायचं, हे मी कधी ऐकलंच नाही, ताई."

मग, "बघते."

खारीला यातलं काही सांगितलं नाही. मला बघायचंय, न सांगता तिला कळतं का.

१३ मार्च, शुक्रवार

कप्तान सरावात गप्पच. उद्या सामना.

१४ मार्च, शनिवार

पहिल्या दहा मिनिटांत खारीने दोनदा चेंडू घालवला. समितीची खुर्च्यांची रांग एका बाजूला झुकून काहीतरी कुजबुजली. मी तिकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या वेळी चेंडू तिच्याकडे निघाला आणि मागून आलं – "अंगावर!" खारीने एकाच स्पर्शात परत दिला. मी बाकावरून उठले. थोड्या वेळाने – "वेळ आहे!" आणि खार वळली, सावकाश, जसं अंगणात एकटीच खेळतेय. समोर सगळं मैदान मोकळं!

मग थांबलंच नाही. कप्तान ओरडत होती, खार वळत होती. दोन-एकने जिंकलो, दोन्ही गोल खारीच्या पासवर. शेवटी कप्तानाच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. नाणेफेकीला ऐटीत बोललेली बाई, निघताना खुणा करत होती.

खार बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, ताई, आज मला मागचं आपोआप कळत होतं. मी नुसती हसले. कसलं कुतूहल शमलं म्हणून सांगू!

१७ मार्च, मंगळवार

सचिवांचा फोन. खार राहतेय, दोन वर्षांसाठी. बरं वाटलं. मग म्हणाले, कप्तानाला मोकळं करतोय. वय झालं, आणि शनिवारी तिनं विशेष काही केलेलं कुणाला दिसलं नाही.

मी म्हटलं, दिसणार नाही, ऐकायला हवं होतं. समिती बसते तिथपर्यंत मैदानातलं काही ऐकू येत नाही, हे त्यांचंही खरं. भांडले. शेवटी ते म्हणाले, बरं, गुरुवारी समितीपुढे या. पण तुमच्या मुलींची बाजू तुम्ही घेणारच, दुसरं कुणी सांगणारं आहे का? म्हटलं, आहे. जिनं ऐकलं तिलाच आणते.

१८ मार्च, बुधवार

खारीला विचारलं, शनिवारी मागून काय ऐकू येत होतं ते उद्या समितीला सांगशील का. ती गोंधळली. खूप आठवून बघितलं बिचारीनं.

"मागून? मागून कुणी काही बोललंच नाही, ताई. कप्तान तर माझ्याशी कधीच बोलत नाही."