गायकाशिवाय चाळीस मिनिटं

३ एप्रिल १९९३, शनिवार

आज सुभाषचंदचा ऑर्केस्ट्रा सोडला. मीच सोडला, हे इथे लिहून ठेवतो, कारण जळगावात उलटं सांगितलं जाणार. अकरा वर्षं त्याच्या मागे बसून कीबोर्ड वाजवला. गायक तोच, मालकही तोच, त्यामुळे सुरात गाण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

काल नशिराबादच्या कार्यक्रमात दोन कडव्यांच्या मधे मी जरा जास्त वाजवलं. जास्त म्हणजे तीन मिनिटं. हा भर स्टेजवर म्हणाला, वनाभाऊ, लोक गाणं ऐकायला आलेत. मी म्हटलं, लोक मलाही ऐकतात. तर म्हणाला, गायकाशिवाय एक माणूस तुला शेवटपर्यंत बसून ऐकेल, तर मी स्टेजवर माइक घेऊन तुझी माफी मागेन. नाही ऐकलं तर मुकाट्याने परत ये, तुझी जागा ठेवतो.

ठरलं. माफीच्या दिवशी कोणता शर्ट घालायचा ते बघितलं पाहिजे.

४ एप्रिल

निर्णय: एकट्याचा कार्यक्रम. चाळीस मिनिटं. फक्त वाद्य. त्यातही हिंदी-मराठी नाही, इंग्लिश रॉक. जळगाव-धुळ्यात आजवर हे कोणी केलेलं नाही. प्रमिला म्हणाली, कोणी केलं नसेल तर काहीतरी कारण असेल. माझ्यासारख्या सरकारी कारकुनाशी लग्न केलं की बायकांची दृष्टी अशी आखूड होते.

मावसभाऊ मुंबईला हॉटेलात वाजवतो. त्याने मागे एक कॅसेट भरून दिली होती. वर लिहिलंय, 'क्लासिक रॉक, कीबोर्डवाली'. बस्. गाण्यांची नावं नाहीत. बारा गाणी. नावं मीच ठेवली.

'चर्च': सव्वा मिनिट ऑर्गन एकटाच, मग गायक येऊन घाण करतो. 'गिरणी': डावा हात एकच गोष्ट दोनशे वेळा करतो. 'विमान': मधेच कीबोर्ड किंचाळत वर जातो. 'सोमवार': हळू, उदास, ऑफिसला निघाल्यासारखं. बाकीची आठ नंतर.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाच ते सात सराव.

५ एप्रिल, सकाळी ९.१०

आत्ता उठलो. कलावंताने शरीराचं ऐकावं.

११ एप्रिल

मोठी अडचण. मग मोठा शोध.

अडचण अशी की या गाण्यांत चाल गायक गातो. कीबोर्ड सुरुवातीला, मधे आणि शेवटी येतो. माझ्याकडे गायक नाही. मग कडवं आलं की वाजवायचं काय? मावसभावाला ट्रंककॉल केला. तो म्हणाला, सोपं आहे, उजव्या हाताने चाल वाजव. म्हणजे गायकाचं काम मी करायचं! अकरा वर्षं सुभाषचंदची चाल सांभाळली, आता परदेशी सुभाषचंदची सांभाळू?

शोध: कडव्यात थांबायचं. मान खाली, हात मांडीवर. कडवं संपलं की पुन्हा सुरू. श्रोत्यांनी कडवं मनात म्हणावं. प्रमिलाला वाजवून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मी 'चर्च'मध्ये थांबलो तर म्हणाली, संपलं का? म्हटलं, नाही, तो आत्ता गातोय. तिने दारात जाऊन बाहेर पाहिलं.

१४ एप्रिल

सुट्टी. 'विमान'चा सराव. खालच्या मजल्यावरून इंदिराबाई वर आल्या, तुमचा मिक्सर अडकलाय वाटतं, म्हणाल्या. 'विमान' रद्द. त्यांच्यामुळे नाही. मलाच ते उथळ वाटू लागलं होतं.

२१ एप्रिल

मिळाला! पहिला कार्यक्रम! पाचोऱ्याचे झुलालनाना, केळीचे मोठे बागायतदार, त्यांच्या मुलीचं लग्न नऊ मेला. मुलगा धुळ्याचा. ऑफिसातल्या हिलालचे ते मामा, त्यानेच गाठ घालून दिली.

मी नानांना रॉकचा इतिहास सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. एकच विचारलं, गानारा नही ना? म्हटलं, नाही. माइक लागस का? म्हटलं, मला माइक लागत नाही. पुन्हा विचारलं, नक्की गानारा नही ना? मंग बेस शे, या.

तीनदा खात्री करून घेतली. शब्दांचा एवढा तिटकारा असलेला रसिक मी पाहिला नव्हता. खेड्यात असे दर्दी पडून आहेत आणि आपण मुंबईकडे बघत बसतो.

२५ एप्रिल

निवड. बारातून 'विमान' गेलं. 'गिरणी' काढलं. माझा डावा हात ऐंशीव्या वेळेला कंटाळतो, मुळात तो विचारी आहे. दोन गाण्यांना पायानेही वाजवावं लागतं असं मावसभाऊ म्हणतो. काढली. एक गाणं नऊ मिनिटांचं होतं. त्यातलं जे पुन्हा पुन्हा येतं ते कापलं. उरलं दीड मिनिट. कापलं तीच चाल होती असं नंतर लक्षात आलं. काढलं.

सात राहिली. सात हा आकडा चांगला.

२ मे

चार. 'चर्च', 'सोमवार', आणि दोन ज्यांना अजून नावं नाहीत. चारच, पण पक्की. चारांत मिळून वाजवणं सतरा मिनिटं, थांबणं तेवीस. चाळीस झाली.

प्रमिला म्हणाली, निदान थांबायचा सराव चांगला झालाय.

९ मे, पाचोरा, दुपारी ४

लग्न लागलं साडेबाराला. ऊन असं की कीबोर्डच्या काळ्या पट्ट्यांना बोट लावलं तर चटका. मला मांडवात स्टेजच्या एका कडेला बसवलं. स्पीकर भरपूर. मनाशी म्हटलं, वना, हीच वेळ.

'चर्च' सुरू केलं. सव्वा मिनिट. खरं सांगतो, अंगावर काटा आला, माझ्याच. कडवं आलं, थांबलो, मान खाली घातली. आणि स्पीकरमधून हिलालचा आवाज: धुळेकर पाहुणे मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं, धुळेकर पाहुणे! त्याचं संपलं, मी वाजवायला लागलो. पुन्हा थांबलो. हिलाल: मुलीच्या मामांनी टोपी-टॉवेलसाठी स्टेजवर यावं. मी वाजवलं. थांबलो. नशिराबादचे रतिलालशेठ असतील तिथून पुढे यावं, त्यांचा मान राहिलाय.

चारही गाणी अशीच. तेवीस मिनिटांत एकसुद्धा क्षण हिलालने वाया घालवला नाही. टोपी-टॉवेलचे सगळे मान झाले, तीन पंगती बसल्या, एक हरवलेली चप्पलसुद्धा जाहीर झाली. समोरच्या खुर्च्यांवर कोणी नाही. सगळे जेवत होते.

संपल्यावर झुलालनानांनी पाठ थोपटली. म्हणाले, मागच्या लगीनमा तो गानारा माइक सोडेच ना, आम्हना मानपान राही गयात. तुन्हं बेस शे.

१० मे

काल एक लिहायचं राहिलं. मुद्दाम ठेवलं होतं, आज नीट लिहितो.

सामान आवरत होतो तेव्हा मांडवाच्या खांबाजवळच्या खुर्चीतून एक म्हातारे उठून आले. भडगावचे छगनआबा. म्हणाले, बठ्ठं आयकं मी. बठ्ठं! म्हणजे सगळं, सुरुवातीपासून. मी विचारलं, जेवायला गेला नाहीत? म्हणाले, नही, बठी राह्यनू. आणि म्हणाले, तू मधमा मधमा मान खाले घालीसन थांबस ना, ते माले भारी आवडनं.

एक माणूस. शेवटपर्यंत. बसून. सुभाषचंद, शर्ट काढ इस्त्रीला.

त्यांनी लगेच दुसरा कार्यक्रमही दिला. भडगावला, अठरा मे, मंगळवार. दोनशे माणूस, शांत मंडळी. प्रसंग कोणता विचारलं, तर म्हणाले, आम्हना गल्लीमधला उत्तमनाना गुरुवारी गयात, त्यासनी गंधमुक्ती. कीर्तनकार महाराजांना यायला उशीर होणार आहे, तोवर काहीतरी पाहिजे.

तेराव्याला. असो. मोठ्या कलावंतांनी अंत्यविधीला वाजवल्याचं मी ऐकलंय. सुभाषचंदला आत्ताच सांगत नाही. एकाऐवजी दोनशे झाले की सांगू.

१४ मे

'सोमवार' आधी घ्यायचं ठरवलं. प्रसंगाला धरून आहे. प्रमिलाने पांढरा शर्ट धुऊन ठेवला.

१८ मे, भडगाव

दोनशे माणसं. मोजली नाहीत, पण अंगण भरून गल्लीत बसली होती. फोटोला हार. मी 'सोमवार' सुरू केलं. कडवं आलं, थांबलो, मान खाली घातली. वर बघितलं तर दोनशे माना खाली. शप्पथ. वाजवलं, माना वर. थांबलो, माना खाली. कोणी खोकलं नाही. 'चर्च'ला एका बाईने डोळ्याला पदर लावला. चाळीस मिनिटं एक माणूस जागचा हलला नाही. अकरा वर्षांत सुभाषचंदला असे श्रोते मिळाले नाहीत, मिळणार नाहीत. माझे डोळे भरून आले.

महाराज आले. मी घरात निरोप घ्यायला गेलो. भिकुबाई, म्हणजे गेलेल्या नानांच्या पत्नी, कोपऱ्यात बसल्या होत्या. छगनआबांनी माझी ओळख करून दिली. मी हात जोडले. काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून थोडा थांबलो. त्या म्हणाल्या, त्यासले रेडिओबी खपे नही, दादा. चाळीस वर्षांच्या संसारात घरात वाजणारी वस्तू आणू दिली नाही. असते तर पहिल्या सुरालाच उठून शेतात गेले असते.

म्हणजे दोनशेंतून उठून जाणारा एकच होता, आणि कार्यक्रम त्याच्यासाठी होता.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एस.टी.त कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याने विचारलं, पेटी आहे का. हो म्हटलं.

१९ मे

संध्याकाळी सुभाषचंदकडे गेलो. त्याने विचारलं, ऐकलं का कोणी शेवटपर्यंत? म्हटलं, दोनशे माणसांनी. एकही उठला नाही. तो खुर्चीतून उभा राहिला. खरंच? म्हटलं, देवाशपथ. म्हणाला, ठीक आहे, वनाभाऊ, बोललो ते बोललो. शनिवारी स्टेजवर माफी मागतो. हा माणूस शब्दाला एवढा पक्का असेल हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

त्याने कागद-पेन काढलं. म्हणाला, माइकवर नीट सांगितलं पाहिजे, कार्यक्रम कुठे होता आणि कशानिमित्त?

मी पंख्याकडे बघितलं. मग विचारलं, माफीचं राहू दे, शनिवारी टेम्पो किती वाजता निघतो?

पाचला, म्हणाला.