मुक्काम सहावा, मालवण

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥
बेलापूर, दि. २० ऑक्टोबर २०२४

ती. गोजराआक्का यांना सरस्वतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या मालतीबाई धावत येतात, घरात भांडण झालं का म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं.

तुमच्या भावाचा काचबिंदू फार पुढे गेलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला, पण बघायचं राहिलं असेल ते या वर्षात बघून घ्या. मला वाटलं, हे काशी म्हणतील. घरी येऊन म्हणाले, मला बंदरं बघायची आहेत. मी म्हटलं, लग्नाआधी अकरा वर्षं उरणचं मीठ वाहणाऱ्या शिडाच्या मचव्यावर दुसरं काय बघितलं? तर म्हणे, सगळी पाण्यातून बघितली. मचव्याचा म्होरक्या तांडेल ह्यांना माल राखायला बसवायचा, खाली पाय ठेवू द्यायचा नाही. पुढे रबाळ्याच्या कारखान्यात जन्म गेला. आता एकेका गडाच्या तटावर चढायचं आणि आपला मचवा नांगरून असायचा ती जागा वरून बघायची, एवढंच मनात आहे.

दिपेशने सहा दिवसांची रजा काढायचं कबूल केलंय, गाडी त्याचीच. माझ्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मुक्काम लिहिलेत: रेवदंडा, मुरूड, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि सहावा मालवण, तुमच्याकडे. सूनबाई भाविका फोनवर रस्ता काढून दाखवते, तर हे विचारतात की त्या फोनमधल्या बाईला भरती-ओहोटी तरी कळते का. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेणार, हॉटेलाची पायरी चढणार नाही, म्हणून तिघे मिळून मला हसून घेतात. हसू देत.

एक काम तुमच्याकडे. देवीला कौल लावा. पाषाणावरची उजवी कळी आधी पडली तर निघू, डावी पडली तर नाही. तुमचा अंकुर न विचारता मोटारसायकलवर निघाला आणि हायवेवरच राहिला, ते नऊ वर्षांत एक दिवस विसरले नाही मी. हेही म्हणाले, नारळ दिल्याशिवाय आम्ही कधी नांगर उचलला नाही.

डोक्यावरचा हात काढू नका.

आपली,
सरस्वती


मालवण, दि. ९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सरूस गोजराआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गणूचं वाचून जीव कासावीस झाला. एवढासा होता तेव्हा होडीत बसवला की भोकाड पसरायचा आणि आता म्हातारपणी बंदरं हवीत त्याला! त्याला सांग, आक्काने विचारलंय, आता नाक तरी स्वतः पुसतोस ना.

कौल डावा पडला गो. देवीची मर्जी नाही. रस्ते वाईट आहेत, जागोजागी खणून ठेवलेत. थेंब वेळेवर घाल. घरात राहा.

तुमच्या सुखात माझं सुख.

आक्का


॥ श्री सातेरी प्रसन्न ॥
बेलापूर, दि. १२ जानेवारी २०२५

ती. आक्कांना सरस्वतीचा सा. न. वि. वि.

डावा कौल घरात वाचून दाखवला. दिपेश माझ्यावर चिडला. म्हणाला, डॉक्टरांचं ऐकायचं की कळीचं? भाविका मध्ये पडली म्हणून निभावलं. मी मात्र हलले नाही. तुम्हांला तर ठाऊक आहे, देवीने नाही म्हटल्यावर मी उंबरा ओलांडणारी नव्हे.

पण आक्का, डावा डोळा संपला. उजव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसतं. ताटात भात कुठे, आमटी कुठे, ते मी सांगते. परवा मला म्हणाले, तू आजकाल अर्धीच दिसतेस, म्हणजे तब्येतीने बारीक झालीस म्हणायचं. हसवतात आणि मग तोंड फिरवून बसतात.

वही मात्र रोज काढायला लावतात. दाभोळला खाडी फेरीबोटीने ओलांडायची की वळसा घ्यायचा, यावर बाप-लेकाची अजून चर्चा चालते. गाडी तयार आहे, सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

म्हणून पुन्हा विनवते. मी अकरा गुरुवार धरलेत. एकदा परत कौल लावा. देवीला सांगा, उजवा डोळा जाईपर्यंतच वेळ आहे. उत्तर लवकर धाडा.

वाट बघणारी,
सरस्वती


मालवण, दि. १७ मार्च २०२५

चि. सौ. सरूस आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र देवघरात ठेवलं होतं. चारदा लिहायला बसले आणि उठले. आता लिहिते, वाचून मला शिव्या घातल्यास तरी चालेल.

मी कौल लावला नाही. नोव्हेंबरातही नाही, आताही नाही. नऊ वर्षं देवळाची पायरी चढले नाही.

अंकुर न विचारता गेला, हे मी गावाला सांगितलं, तुम्हांला सांगितलं. खोटं ते. मी स्वतः कौल लावला होता. उजवी कळी अशी पडली की पुजारी म्हणाला, देवीने ओंजळ भरून दिलं. मी हसत अंकुरच्या हातावर दही घातलं. संध्याकाळी निरोप आला. आता देवीला खोटं कसं पाडू? म्हणून लेकालाच खोटं पाडलं.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, विचारलं आणि पुन्हा उजवी पडली तर? तेवढी छाती नव्हती माझी. म्हणून डावा पडला असं कळवलं. रस्त्यावर एक दिलाय, दुसरा देणार नव्हते.

पण रोज कानात येतं की गणूचे डोळे मी अडवून ठेवलेत. तुम्ही कुणाला न विचारता निघा. सहाव्या दिवशी दारात उभी असेन.

तुमची अपराधी,
आक्का


बेलापूर, दि. ६ एप्रिल २०२५

ती. आक्कांना सरस्वतीचा नमस्कार.

पत्र मिळालं. उजवा डोळा फेब्रुवारीतच गेला. महाशिवरात्रीच्या सकाळी ह्यांनी विचारलं, अजून उजाडलं नाही का. बाहेर ऊन पडलं होतं.

दिपेश अजूनही म्हणतो, बाबा, हात धरून नेतो. हे म्हणतात, आंधळ्याला तटावर चढवायचं आणि लोकांनी त्याला बघायचं, त्यापेक्षा नको.

तुम्हांला शिव्या काय घालू? तुम्ही एकदाच नाही म्हणालात. दिपेश, भाविका, डॉक्टर सगळे हो म्हणत होते, आणि दाराला कडी लावून मी बसले होते. तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. उलट हेच माझी समजूत घालतात, देवीने नाही म्हटलं होतं ना, मग वाटेत काहीतरी वाईट होणार असेल. मी मान हलवते. दिसत नाही, हे विसरून हलवते. दिवा अजून लावते, मागत मात्र काही नाही.

एक सांगायचं राहिलं. दिवेलागणीनंतर हे वही काढायला सांगतात. रोज थोडं थोडं पुढे जातो. रेवदंडा झालं, मुरूड झालं. तटावर पोचलो की विचारतात, काय दिसतंय. मी जन्मात ह्या खाडीच्या चिखलापलीकडचा समुद्र बघितलेला नाही, तरी सांगते. बुरूज सांगते, पायऱ्या सांगते, पाण्याचा रंग सांगते. काल विजयदुर्गाला होतो. ह्यांनी विचारलं, आपला मचवा दिसतो का. मी म्हटलं, दिसतो. शीड उतरवलंय का, विचारलं. तेही हो म्हटलं. तुमच्यासारखीच झाले मी, आक्का.

आता मालवण उरलं. तो ह्यांचा गाव, तिथे माझी थाप चालायची नाही. तेव्हा पायांत बळ असेल तर किल्ल्यावर जाऊन या आणि तटावरून काय काय दिसतं ते नीट लिहून पाठवा. तोवर मी विजयदुर्गालाच मुक्काम वाढवते.

तुमची,
सरू