मालिनीने वाचलेले शेवट

रत्नागिरी, ३ मार्च २०२५

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलवेना म्हणून लिहितो. तुझ्या दीपकदादाला समुद्राने नेलं त्याला या चैत्रात बारा वर्षं होतील; दर्भाची आकृती करून संस्कार उरकू, असं तू म्हणतेस. माझं उत्तर तेच. आरे-वारेचा किनारा पालथा घातला तरी देह मिळाला नाही. रहस्यकथांची परीक्षणं लिहिणाऱ्याने प्रेताशिवाय मृत्यू मानायचा कसा?

सात वर्षं मला नीट दिसेना म्हणून मालिनी पुस्तकं वाचून दाखवायची; मोतीबिंदू काढल्यापासून मीच वाचतो. तुझी आई दिवाळीत गेली, तेव्हापासून दुसरं काही सुचतही नाही. काल एक जुनी कादंबरी काढली. हिने वाचून दाखवली तेव्हा खाडीत बुडालेला भाऊ शेवटी घरी परतला होता. छापील पुस्तकात तो मेलाय. आणखी दोन काढली. तिथेही तेच. राग आला नाही, रडूही नाही. चहा करून प्यायलो. तुला ठाऊक होतं का?

तुझा,
आप्पा

नाशिक, ९ मार्च

ती. आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

ठाऊक होतं. साप्ताहिकाचे संपादक विनोदकाका तुमच्या परीक्षणातली शेवटाबद्दलची चुकीची वाक्यं गुपचूप गाळायचे. एवढे नावाजलेले परीक्षक, आणि घरातला उलगडा सात वर्षं झाला नाही!

आईला विचारलं, तर म्हणाली, ते इतके कान देऊन ऐकतात, त्यांच्यापुढे ‘मेला’ असं वाचवत नाही. दादा गेला हे तिने स्वतः मात्र पहिल्याच वर्षी मानलं होतं. गुरुजींकडे संस्काराची चौकशीही करून आली होती. थांबली ती तुमच्यासाठी. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय, आप्पा.

लोभ आहेच, तो कमी करू नका.

तुमची,
उर्वी

रत्नागिरी, १६ मार्च

चि. उर्वीस आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून ठेवून दिलं. दोन दिवस काहीच वाटलं नाही. जेवलो, झोपलो, आंब्याच्या कलमांना पाणी घातलं. काल ती कादंबरी घेऊन शेवटचं पान मोठ्याने वाचलं, छापलंय तसं. आवाज कुठे अडला नाही.

आज गुरुजींकडे जाऊन आलो. चैत्रातला दिवस ठरला, तू दोन दिवस आधी ये. त्यांनी दीपकचं वय विचारलं. मी चौतीस सांगितलं. ते लिहायला लागले, तेव्हा म्हटलं, थांबा. बावीस.

सानवीला आजोबांचा पापा. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
आप्पा